रिकाम्या पोटाला जिद्द म्हणू नका

आपल्या समाजात एक वाक्य फार सहजपणे बोलले जाते. भरतीची तयारी करणारा पोरगा मध्येच मैदान सोडून घरी बसला, कुणाशी बोलेनासा झाला, की वस्तीतली माणसे म्हणतात, ‘त्याच्यात जिद्दच नव्हती.’ जिल्हा पातळीवर धावून आलेल्या पोरीने वर्षभरात बूट कोपऱ्यात टाकले, की म्हणतात, ‘मनाने कच्ची निघाली.’ तो पोरगा आणि ती पोरगी दिवसभरात काय खात होते, हे मात्र कुणी विचारत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की जिद्दीचा निवाडा करण्याआधी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर, पुसद, वणी, उमरखेड, पांढरकवड्याच्या मैदानांवर आणि जिथे मैदानच नाही तिथे डांबरी सडकेवर पहाटे पाच वाजता धावणारी ही पोरे कोण आहेत? बौद्ध वस्तीतली आहेत, कोलामांच्या पोडावरची आहेत, बंजारा तांड्यावरची, पारधी बेड्यावरची आहेत. आईबाप रोजमजुरीला जातात, कापसाच्या हंगामात ही पोरेही वेचणीला जातात. त्यांच्यासाठी खेळ हा छंद नाही. पदक मिळाले तर खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून नोकरीची एक वाट उघडते, आणि पोलीस भरतीत मैदान निघाले तर घरात पहिला पगार येतो. ज्यांच्या घरी सात-बारा नाही, त्यांच्यासाठी दोन पाय हीच इस्टेट आहे.

2024 च्या पोलीस भरतीत राज्यभरात 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले 17 लाख 76 हजार, म्हणजे एका जागेमागे शंभरावर उमेदवार. मैदानी चाचणीला 50 गुण. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15, गोळाफेकीचे 15. सोळाशे मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत मारले तर पैकीच्या पैकी. छाती न फुगवता 79 सेंटिमीटर भरली पाहिजे आणि फुगवून 5 सेंटिमीटर वाढली पाहिजे. म्हणजे पळण्यासाठी हलका हो आणि मोजमापासाठी भरदार हो, अशी ही दुहेरी मागणी. वयोमर्यादा मागासवर्गीयांना 33 वर्षांपर्यंत आहे. ही सवलत योग्यच आहे, पण तिचा एक अर्थ असाही होतो की अठराव्या वर्षी धावायला लागलेला आमचा पोरगा पंधरा वर्षे त्याच मैदानाभोवती फिरत राहू शकतो. या पंधरा वर्षांत त्याच्या ताटात काय पडले, याची नोंद कुठल्याच कार्यालयात नाही.

आता त्या ताटाकडेच पाहू. गावाकडून येऊन यवतमाळात खोली करून राहणाऱ्या पोराचा मेसचा डबा बघा. दोन वेळचे मिळून सात-आठ पोळ्या, पातळ वरण, बटाट्याची नाहीतर वांग्याची भाजी, वाटीभर भात. पैसे कमी असले की एकाच डब्यात दोघे जेवतात. हिशेब मांडला तर पूर्ण दोन डबे खाणाऱ्यालाही दिवसाला 1,800 कॅलरीच्या आसपास मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये जे प्रमाण ठरवून दिले, त्यानुसार जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 3,470 आणि स्त्रीला 2,720 कॅलरी लागतात. आमचा पोरगा पहाटे आठ-दहा किलोमीटर धावतो, संध्याकाळी गोळा फेकतो, आणि अधेमध्ये हमालीला किंवा केटरिंगच्या कामाला जातो. हे जड काम नाही तर काय आहे? म्हणजे गरजेच्या निम्म्या अन्नावर तो शंभरांशी स्पर्धा करतो आहे.

इथे एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती मैदानावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. प्रशिक्षकाने विचारले की ‘काय रे, नाश्ता नाही केला?’ तर पोरगा सांगतो, ‘सर, डाएटवर आहे.’ घरी डबा रिकामा होता, हे तो कधीच सांगणार नाही. चारचौघांत ते सांगणे त्याला कमीपणाचे वाटते. ‘डाएट’ हा शब्द त्याने सिनेमातल्या नटांकडून आणि मोबाईलवरच्या व्हिडिओतून उचलला आहे, आणि आपल्या गरिबीवर झाकण म्हणून तो वापरतो आहे. उलट बाजूने, एखादी पोरगी वजन वाढेल या भीतीने खरोखरच जेवण टाळते, तेव्हा घरचे म्हणतात की आमच्या पोरीला भूकच कमी आहे. नाइलाजाची उपासमार डाएट म्हणून खपते आणि ठरवून केलेली उपासमार स्वभाव म्हणून खपते. त्यामुळे दोन्ही कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

या भुकेचा मनाशी काय संबंध, असे काही जणांना वाटेल. आमच्या मते सगळा संबंध तिथेच आहे, आणि याचा पुरावा ऐंशी वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण स्वतःहून पुढे आले होते. शरीराने आणि मनाने धडधाकट आहेत याची खात्री करूनच त्यांना निवडले होते. आधी त्यांना पोटभर, म्हणजे दिवसाला 3,200 कॅलरीच्या आसपास जेवण दिले. मग सहा महिने ते निम्म्यावर, 1,570 च्या जवळपास आणले. आठवड्याला 22 मैल, म्हणजे सुमारे 35 किलोमीटर चालणे सक्तीचे होते.

सहा महिन्यांत त्या निरोगी माणसांचे काय झाले? वजन चौथ्या हिश्श्याने घटले, हे तर अपेक्षितच होते. पण ती माणसे चिडकी झाली, एकलकोंडी झाली, उदास झाली. मित्रांशी बोलणे, पुस्तक वाचणे, भविष्याचे बेत करणे यातला रस संपला. डोक्यात दिवसरात्र फक्त अन्न. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटे चाटू लागले. काहींची अवस्था इतकी बिघडली की त्यांना मानसोपचाराची गरज पडली. आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागले तेव्हाही मन लगेच सावरले नाही. कितीही खाल्ले तरी भूक भागत नाही, अशी काहींची तक्रार महिनोन्‌महिने राहिली. कीज आणि सहकाऱ्यांनी 1950 मध्ये हे सारे दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले.

वाचकांनी आता आपल्या वस्तीतला तो ‘जिद्द नसलेला’ पोरगा आठवावा. तो चिडका झाला होता ना? कुणाशी बोलत नव्हता ना? अभ्यासाला बसला की लक्ष लागत नाही म्हणत होता ना? मिनेसोटातली माणसे आठवड्याला 35 किलोमीटर चालत होती, हा पोरगा तेवढे अंतर चार दिवसांत धावतो. त्या 36 जणांना निदान ठाऊक होते की हा प्रयोग आहे आणि अमुक तारखेला संपणार आहे. आमच्या पोराला तारीख ठाऊक नाही. भरतीची जाहिरात कधी निघेल हे सरकारलाच ठाऊक नसते.

प्रत्येक उदासीमागे भूकच असते असा आमचा दावा नाही. नापास होण्याचे, बेकारीचे, जातीवरून ऐकाव्या लागणाऱ्या टोमण्यांचे दुःख वेगळे आहे आणि खरे आहे. पण ते दुःख पेलणारे मन शेवटी मेंदूतूनच चालते आणि मेंदूलाही भाकर लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला वेगळे नाव देऊन जगभरच्या डॉक्टरांना सावध केले. खेळाडू जेवढी ऊर्जा खर्च करतो तेवढी खात नसेल, तर शरीर काटकसर सुरू करते. मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते, मुलांमधले पुरुष संप्रेरक घटते, हाडे ठिसूळ होतात, जखम भरत नाही, झोप उडते, मन खचते. भरतीची पोरे ज्याला ‘शिन पेन’ म्हणतात आणि ज्यावर स्प्रे मारून पुन्हा धावतात, ते नळीचे दुखणे पुष्कळदा हाडाला गेलेली बारीक चीर असते. वरून स्प्रे मारून ती सांधत नाही.

मुलींबद्दल तर आणखी स्पष्ट बोलले पाहिजे. पाळी थांबली की पोरीला वाटते, बरे झाले, सरावात खंड नाही. आई धास्तावते, पण भलत्याच कारणाने, आणि मग पोरीचे मैदानच बंद होते. प्रशिक्षक बहुतेक पुरुष, त्यांना हे सांगणार कोण? एकट्या महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत, असे 2019-21 चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. म्हणजे धावायला उभ्या राहिलेल्या पोरींपैकी निम्म्या पोरींच्या अंगात रक्तच पुरेसे नाही, आणि आपण त्यांचे सेकंद मोजतो आहोत.

हा फक्त गरिबांचा रोग आहे असेही नाही. अमेरिकेची मेरी केन ही विलक्षण वेगवान धावपटू 17 व्या वर्षी जागतिक स्पर्धेत उतरली. पुढे नाइके कंपनीच्या प्रशिक्षण प्रकल्पात वजन कमी करण्यासाठी तिच्यावर सतत दबाव आणला गेला. तीन वर्षे पाळी आली नाही, पाच हाडे मोडली, जीव नकोसा वाटू लागला, हे तिने 2019 मध्ये जाहीरपणे सांगितले. आपल्याकडे विनेश फोगाटचे उदाहरण ताजे आहे. मूळची 53 किलो गटातली ही मल्ल पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 किलोत उतरली. अंतिम फेरीच्या दिवशी, 7 ऑगस्ट 2024 रोजी, वजन 100 ग्रॅम जास्त भरले. रात्रभर व्यायाम, घाम काढणे, केस कापणे, सगळे करूनही ते उतरले नाही आणि तिला बाद ठरवण्यात आले. देशभर हळहळ झाली, कटकारस्थानाच्या चर्चा रंगल्या. पण तालुक्याच्या कुस्तीतही चौदा-पंधरा वर्षांची पोरे वजनाच्या आदल्या दिवशी पाणी तोडतात, यावर कुणी अवाक्षर काढले नाही. अमेरिकेत 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले, तेव्हा तिथल्या संघटनेने त्याच हंगामात नियम बदलायला घेतले. आपल्याकडे 2024 च्या जून महिन्यात नवी मुंबईत राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत धावताना कोसळलेल्या तरुणाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या दहा किलोमीटरच्या धावेत दहापेक्षा जास्त तरुण गेले. दोन दिवस बातम्या आल्या आणि पुढची यादी लागली.

मात्र आमच्या पोरांच्या ताटाला आणखी एक बाजू आहे आणि ती जातीची आहे. पळवणकर बाळू हे भारताचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज. चांभार समाजात जन्मलेल्या या माणसाने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात त्यांच्याच संघातले खेळाडू चहा देत तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे पान वेगळे. चेंडूला सगळ्यांनी हात लावायचा, भाकरीला नाही. (हेच बाळू 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, पण तो विषय वेगळा.) आज कुणी मातीचे भांडे पुढे करत नाही. आज ताटातला घास कायद्याने आणि शासन निर्णयाने ठरतो. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूलाही लागू झाला, आणि गरिबाच्या आवाक्यातले सर्वात स्वस्त मांस बाजारातून गेले. शालेय पोषण आहारात नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू झाले, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी बंद झाला. अंडी द्यायची असतील तर लोकवर्गणी करा, असे शाळांना सांगण्यात आले. ज्यांच्या घरी दूध, तूप, बदाम आहेत त्यांना आठवड्यातल्या एका अंड्याचे काय मोल कळणार?

शिवाय हा शालेय आहार आठवीपर्यंतच असतो. सहावी ते आठवीच्या मुलाला दुपारी 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. नववीत गेल्या दिवशी ते ताट उचलले जाते. नेमके याच वयात अंग वाढते, शालेय स्पर्धांचा वरचा गट सुरू होतो, सराव दुप्पट होतो. चौदाव्या वर्षी पोराची गरज सर्वात मोठी आणि ताट सर्वात लहान, अशी ही रचना आहे.

पुढे महाविद्यालयात गेल्यावर स्वाधार योजना आहे. बाबासाहेबांच्या नावाची ही योजना 2016-17 मध्ये आली, तिने आमच्या हजारो मुलांना शिकवले, तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी तिच्यात भोजनासाठी धरलेली रक्कम होती वर्षाला 25,000 रुपये. दिवसाचे 68 रुपये. तेही वेळेवर आले तर. आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकण्याचा निर्णय 2018 मध्ये झाला, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्यांना कळत होते की ताट समोर असले तर पोरगा जेवतो, आणि पैसे खात्यात असले तर तो आधी घरची उधारी भागवतो.

आता थोडे आपल्याकडे वळू. आपण चळवळीतली माणसे पोरांना काय सांगतो? बाबासाहेबांनी उपाशी राहून अभ्यास केला, तुम्ही का नाही करत? लंडनमधल्या 1920 नंतरच्या दिवसांत त्यांनी सकाळच्या जुजबी न्याहारीवर दिवसभर ग्रंथालयात काढला आणि रात्री बोव्हरिलचा पेला आणि पापडावर भूक मारली, हे खरे आहे. चरित्रकारांनी ते लिहून ठेवले आहे. पण ती त्यांची अडचण होती, त्यांची शिकवण नव्हती. उत्तरायुष्यात मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या दुखण्याने त्यांचे शरीर पोखरले, ते वयाच्या 65 व्या वर्षी गेले, हेही त्याच चरित्रांत आहे. आणि त्यांनी आयुष्यभर जे केले ते पुढच्या पोराला पापडावर रात्र काढावी लागू नये म्हणून केले. त्यांनी वसतिगृहे काढली ती कशासाठी?

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घरोघरी आहे. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे देह झिजवला, हाडांचा सापळा झाला, आणि त्यातून काही हाती लागत नाही हे ओळखून सुजाताने दिलेले अन्न स्वीकारले. ज्ञानप्राप्ती त्यानंतरची आहे. वर्षावासात आपण हा प्रसंग दरवर्षी ऐकतो. मग आपल्याच वस्तीतल्या प्रशिक्षकाने ‘उपाशी राहशील तरच पळशील’ म्हटले की आपण मान का डोलावतो?

विदर्भातल्या आपल्या लोकांसाठी आणखी एक धोका आहे, तो सिकलसेलचा. पूर्व विदर्भापासून यवतमाळपर्यंत बौद्ध आणि आदिवासी समाजात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. जो केवळ वाहक आहे त्याला रोजच्या जगण्यात त्रास नसतो, तो धावू शकतो, खेळू शकतो. पण कडक उन्हात, पाणी तोडून, विश्रांती न घेता जीव तोडून धावले तर वाहकाच्याही जिवावर बेतू शकते. अमेरिकेत 2006 मध्ये एका महाविद्यालयीन खेळाडूचा असाच मृत्यू झाला, त्यानंतर 2010 पासून तिथल्या मोठ्या महाविद्यालयांत खेळाडूंची ही तपासणी सुरू झाली. आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले आहे. तपासणी मोफत आहे. पण मैदानावरच्या किती पोरांच्या खिशात ते कार्ड आहे? भरतीच्या अर्जाला जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास सगळे लागते, हिमोग्लोबिनचा कागद लागत नाही.

काय करता येईल, ते अवघड नाही. एका विहाराभोवतीची वीस पोरे धरा. रोज प्रत्येकी दोन उकडलेली अंडी, शंभर दिवस. चार हजार अंडी होतात, सात रुपयांप्रमाणे 28,000 रुपये. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेला एका रात्रीचे किती मोजले जातात, हे मंडळाच्या खजिनदारांना विचारा. अंड्याबरोबर मूठभर फुटाणे, गुळाचा खडा आणि केळे असेल तर उत्तम. पोरांनी ते विहारात एकत्र बसून खावे, घरी नेऊ नये, नाहीतर ते लहान भावंडांत वाटले जाईल, आणि तेही चूक म्हणता येणार नाही. बार्टीच्या पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षणात जाणाऱ्या मुलांनी मैदान आणि पुस्तकांबरोबर आहाराची मागणी लेखी करावी. मुलींच्या सरावाला वस्तीतली एक जाणती बाई, अंगणवाडी सेविका किंवा आशा ताई, आठवड्यातून एकदा तरी मैदानावर बसावी. पाळीबद्दल पोरी तिच्याशी बोलतील.

आणि जो पोरगा किंवा पोरगी गप्प झाली आहे, तिला भाषण देऊ नये, आधी जेवू घालावे आणि मग डॉक्टरकडे न्यावे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. उमरखेडकडच्या माणसाला ते शंभरेक किलोमीटर पडते, तोवर 14416 हा ‘टेली मानस’चा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. डॉक्टरांना फक्त ‘झोप येत नाही, चिडचिड होते’ एवढेच सांगून थांबू नका. पोरगा रोज किती धावतो, काय खातो, सहा महिन्यांत वजन किती उतरले, पोरगी असेल तर पाळी शेवटची कधी आली, हे सांगा आणि हिमोग्लोबिन व सिकलसेलची तपासणी मागून घ्या.